हर्णै कधी लागेल?

मुंबईहून गोव्याला निघालेलं क्रूझ जहाज बंदराच्या तोंडाशी आलं होतं. वरच्या डेकवर स्पीकर धडधडत होते, तरणतलावात पोरं उड्या मारत होती, आणि उजव्या कठड्याशी झालेल्या गर्दीने मावळतीच्या दिशेने फोन उंचावले होते. डाव्या बाजूला मात्र सामसूम. तिथे एका खुर्चीत एक आजी बसल्या होत्या. नऊवारी लुगडं, वर पोपटी स्वेटर, मांडीवर कापडी पिशवी. सरबताचा ट्रे घेऊन जाणाऱ्या मुलाला त्यांनी थांबवलं आणि विचारलं, "हर्णै कधी लागेल रे बाळा?" मुलगा गोंधळला. त्याने खिशातून कार्यक्रमाचा घडी घातलेला कागद काढून त्यावरून बोट फिरवलं. साडेसातला लहान मुलांचा नाच, नऊला हाउजी, दहाला थिएटरमध्ये जादूचे प्रयोग, साडेअकराला डीजे. हर्णै कुठेच नव्हतं. "नाही आजी, डायरेक्ट गोवा," तो अगदी अदबीने म्हणाला. आजींनी मान हलवली आणि त्या पुन्हा डावीकडे बघू लागल्या. तिकडे किनाऱ्याची रेघ धुरकट होत चालली होती.

प्रश्नाला उत्तर होतं. ते त्या कागदावर नव्हतं, एवढंच.

आगबोटीच्या काळात हा प्रश्न डेकवर दर तासाला कुणीतरी विचारायचं. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत घेत पणजीकडे जायची. बऱ्याच ठिकाणी बोट लागेल असा धक्काच नव्हता. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची, किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे माणसं उतरवून नेणाऱ्या होड्या, यायचे आणि लाटेवर पडाव वर आला की नेमका तेव्हाच पाय टाकायचा. ट्रंका, करंड्या, कडेवरची पोरं, सगळं त्या एका क्षणाच्या हिशेबाने खाली उतरायचं. या प्रवासात दोन गोष्टी लागायच्या. बंदर लागायचं आणि बोट लागायची. जिला बोट लागली ती बाई लिंबू हुंगत, डोळे मिटून, पुढचं बंदर कधी लागतं ते विचारत राहायची. बाकीचे वळकट्या पसरून पत्ते कुटायचे. शिमग्याला निघालेल्या चाकरमान्यांच्या पिशव्यांत टाळ असायचे आणि भजन कधी सुरू झालं ते कळायचंही नाही. करमणुकीसाठी वेगळी माणसं नेमलेली नसायची. आजोबा, सून, नातू सगळे एकाच चटईवर, त्यामुळे करमणूकही एकच.

आताच्या जहाजावर वयानुसार मजले पडतात. 'सर्व वयोगटांसाठी' असं जाहिरातीत लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं, फक्त प्रत्येक वयोगट वेगळ्या ठिकाणी असतो. लहान मुलं किड्स क्लबमध्ये, थोरली व्हिडिओ गेमच्या खोलीत, आईवडील डीजेकडे, आजी-आजोबा केबिनमध्ये. किड्स क्लब ही मोठी सोय आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही. साधारण तीन वर्षांपुढची आणि डायपर सुटलेली मुलंच बहुतेक ठिकाणी घेतात. पहिल्याच संध्याकाळी नाव नोंदवावं लागतं, मुलाला काय खाल्लेलं चालत नाही ते लिहून द्यावं लागतं, आणि न्यायला कोण येणार त्याची सही द्यावी लागते. बिनसतं ते एकाच ठिकाणी. जहाजावर पाऊल ठेवल्यावर तासाभरात मूल तिथे सोडून आईबाप निघून जातात आणि अनोळखी, हलत्या, खिडकी नसलेल्या खोलीत ते रडायला लागतं. पहिल्या दिवशी पंधरावीस मिनिटं तिथेच जमिनीवर बसून त्याच्याबरोबर खेळावं, मग उठावं. दुसऱ्या दिवशी मूल स्वतःच ओढत नेतं.

पण जहाजावर असा एक खेळ आहे की ज्यात सात वर्षांची नात आणि सत्तर वर्षांचे आजोबा खरोखरच बरोबरीने खेळतात. तो म्हणजे शफलबोर्ड. तो बहुतेकदा कुठल्या तरी बाजूच्या डेकवर, लाइफबोटींच्या सावलीत आखलेला असतो आणि दिवसभर मोकळा पडलेला असतो. जमिनीवरच्या प्रमाण पट्ट्याची लांबी ५२ फूट आणि रुंदी ६ फूट असते, जहाजावर जागेप्रमाणे थोडं कमीजास्त. दोन्ही टोकांना त्रिकोण. त्याच्या टोकाच्या घरात १० गुण, त्यामागच्या दोन घरांत ८-८, त्यामागच्या दोन घरांत ७-७, आणि पायथ्याच्या पट्टीत उणे १०. चकत्या साधारण ६ इंच व्यासाच्या, एका रंगाच्या चार, दुसऱ्या रंगाच्या चार. आळीपाळीने एकेक लांब दांड्याने सरकवायची. आठही झाल्यावर मोजायचं. चकती पूर्ण घरात असेल तरच गुण, रेघेला शिवली की शून्य. भांडण होतं ते इथेच. म्हणून वरून वाकून, एक डोळा मिटून बघणारा पंच आधीच ठरवावा, आणि तो घरातला सगळ्यांत लहान माणूस असावा, कारण त्याला वाकायचा कंटाळा नसतो आणि त्याच्याशी कुणी हुज्जत घालत नाही.

नवखा माणूस दांड्याने चकतीला टोला मारतो. तिथेच चुकतं. दांड्याचा दुबेळका आधी चकतीला टेकवायचा, मग एक पाऊल पुढे टाकत, कोपर सरळ करत, चकती ढकलत न्यायची आणि हात पूर्ण लांब झाला की थांबायचं. दांडा पुढे गेला तरी चालेल, झटका नको. कॅरमवर ज्यांची बोटं घडली आहेत त्यांना हे लवकर साधतं, कारण डोकं तेच. आपली सोंगटी घरात घालण्यापेक्षा समोरच्याची उणे दहात ढकलणं फायद्याचं असतं, आणि पहिल्याच चकतीने दहाचं घर गाठणारा हमखास मार खातो, कारण ती उघडी पडते आणि समोरच्याच्या चारही चकत्या तिच्यावर येऊन आदळतात. शहाणा माणूस पहिली चकती वाटेवरच राखण म्हणून ठेवतो आणि तिच्या आड दुसरी घालतो. शेवटची चकती ज्याच्या हातात त्याचं पारडं जड, म्हणून ती पाळी प्रत्येक डावाला बदलायची. त्यात जहाज डुलत असतं. पट्टा जहाजाच्या लांबीच्या दिशेने आखलेला असेल तर डुलण्याने चकती आडवी वाहवते. डेक डावीकडे कलत असताना सोडली तर डावीकडे, उजवीकडे कलत असताना सोडली तर उजवीकडे. दोनतीन डुलण्या नुसत्या उभं राहून मोजायच्या आणि मधल्या क्षणी चकती सोडायची. तरुण मंडळी एवढं थांबत नाहीत. आजोबा थांबतात. दहिवर पडायला लागलं की खाऱ्या ओलाव्याने चकत्या चिकटतात आणि खेळ संपतो, त्यामुळे सकाळी नऊनंतरची वेळ सगळ्यांत चांगली. गाठायचा आकडा ५० ठेवावा. ७५ किंवा १००चा डाव लहान मुलांच्या धीराबाहेरचा असतो.

हाउजीबद्दल मराठी माणसाला काय सांगायचं! नव्वद आकडे, तीन ओळी, तिकिटावर पंधरा अंक, जल्दी पाच, चार कोपरे, फुल हाउस. एवढंच लक्षात ठेवावं की मोठ्या हॉलमध्ये मागे बसलेल्या आजींना आकडा ऐकू येत नाही, त्या शेजारणीला विचारतात, तोवर पुढचा आकडा निघतो आणि दावा बाद होतो. पुढच्या दोन रांगांत जागा धरावी, आणि आजीचं तिकीट नातवाने न बघता आजीनेच स्वतःच्या पेनने खोडावं. थोडा वेळ लागला तरी लागू द्यावा.

टॉवेलच्या हत्तीकडे मात्र बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. संध्याकाळी केबिन आवरायला आलेला माणूस पलंगावर टॉवेलचा हत्ती किंवा माकड करून ठेवतो, मुलं किंचाळतात, फोटो निघतो, झालं. बऱ्याच जहाजांवर एखाद्या दुपारी हे शिकवायचा तास असतो, आणि त्याला आजी-पणजी वयाच्या बायकांना आवर्जून न्यावं. मोठा टॉवेल आडवा पसरायचा, वरची लांब कड वीतभर खाली दुमडायची, मग दोन्ही आखूड टोकांकडून घट्ट गुंडाळत मध्यापर्यंत यायचं. दोन सुरळ्या समोरासमोर आल्या की त्या बाहेर राहतील अशा बेताने मधोमध घडी घालायची. चार पाय उभे राहतात. हात पुसायच्या लहान टॉवेलच्या एका लांब बाजूचा मध्य धरायचा, दोन्हीकडून त्या मध्याकडे तिरक्या सुरळ्या आणायच्या म्हणजे निमुळतं टोक तयार होतं. ते टोक वर वळवलं की सोंड, मागची सुटी टोकं उलगडून मुरडली की कान. हे डोकं पायांवर ठेवायचं. हत्ती बसतो तो सुरळ्या सैल झाल्याने. ज्या हातांनी पन्नास वर्षं लुगड्याच्या निऱ्या केल्या आणि पापड लाटले, त्या हातांची सुरळी सैल होत नाही. नातवंडं तोंडात बोट घालून बघत राहतात.

पोहण्याच्या तलावाबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. जहाजावरचा तलाव लहान असतो, अनेकदा त्यात समुद्राचंच पाणी घेतलेलं असतं, आणि जहाज डुललं की ते पाणी एका भिंतीकडून दुसरीकडे जातं. बाहेर समुद्र शांत दिसत असला तरी आतलं पाणी डुलण्याच्या तालात सापडलं की चांगली फूटभर लाट उठते. विहिरीत निर्धास्त पोहणारं मूल या लाटेने काठावर आदळू शकतं. जीवरक्षक प्रत्येक जहाजावर असतोच असं धरून चालू नये. एका मोठ्या माणसाने काठावर बसायचं, फोन बाजूला ठेवून, हाच नियम. लाटा वाढल्या की तलावावर जाळी ताणतात किंवा पाणी सोडून देतात, त्यावर रुसायचं नाही. गिर्यारोहणाची कृत्रिम भिंत असेल तर तीही वाऱ्याने बंद होते, म्हणून ती सकाळीच उरकावी. पायमोजे बरोबर ठेवावेत, कारण भाड्याच्या बुटांत अनवाणी पाय घालवत नाही. आणि डेकवर उघडणारे जड दरवाजे! १५ सागरी मैलांचा वेग म्हणजे ताशी जवळपास २८ किलोमीटर. समोरून वारा असेल तर तोही त्यात मिळतो. दार हातातून सुटून आपटतं आणि चौकटीवर बोटं ठेवून उभं राहिलेल्या मुलाची बोटं चेंगरतात. दाराला हात फक्त मुठीवर. खाली उंच उंबरा असतो, तिथे म्हाताऱ्या माणसाला हात द्यावा.

बोट लागण्याचं म्हणाल तर ती अजूनही लागते. मोठ्या जहाजांच्या पोटात डुलणं कमी करणारे पंख असतात, तरीही. डोळ्यांना खोली स्थिर दिसते आणि कानातला तोल सांगतो की आपण हलतो आहोत, या भांडणात पोट ढवळतं. म्हणून क्षितिजाकडे बघितलं की बरं वाटतं, आणि केबिनमध्ये पडून फोन बघितला की वाढतं. खोली घेताना जहाजाच्या लांबीच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची घ्यावी. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, आणि पिछाडीला वरखाली होणं जास्त, वरच्या मजल्यांवर कलणं जास्त. वरची खोली महाग असते म्हणून ती आजोबांसाठी चांगली, असं होत नाही. गोळी घ्यायची तर मळमळ सुरू व्हायच्या आधी, निदान तासभर. सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या घेऊ नयेत, आणि गुंगी येते हेही लक्षात असू द्यावं. उपाशी राहू नये, तळकट खाऊ नये. आलेपाकाची वडी अजूनही कामाला येते. ऋतूचं म्हणाल तर डिसेंबर-जानेवारीत या किनाऱ्यावर पाणी सगळ्यांत निवांत असतं. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वायव्येचा वारा भरतो आणि पांढरे फेसाळ शेंडे दिसू लागतात.

निघण्याआधीचा सुरक्षेचा सराव बरेच जण कंटाळून उरकतात. भोंग्याचे सात आखूड आणि एक लांब आवाज झाला की आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं. मुलांच्या मनगटावर त्या जागेचा क्रमांक असलेली पट्टी बांधतात, ती प्रवास संपेपर्यंत काढायची नाही, पोहतानाही. केबिनमध्ये जाकिटं मोजून बघायची आणि लहान मापाचं जाकीट नसेल तर तेव्हाच मागून घ्यायचं. कोकणातल्या घरांना तर हे वेगळं सांगायला नको. १७ जुलै १९४७ला, गटारी अमावास्येला, रेवसला निघालेली रामदास बोट मुंबई बंदराच्या तोंडाशी काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. क्रूझ जहाज बाहेर पडतं ते त्याच पाण्याच्या आसपासून. सरावाच्या त्या अर्ध्या तासात मुलांना ही गोष्ट सांगता येते. मुलं घाबरत नाहीत, गंभीर होतात, आणि मग जाकिटाचे बंद स्वतः बांधतात.

आता आजींच्या प्रश्नाकडे.

कोकणचा किनारा जवळजवळ सरळ उत्तर-दक्षिण आहे, आणि अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. या दोन गोष्टी एकत्र केल्या की कुठलंही बंदर कधी लागेल ते सहावीतलं मूलसुद्धा काढू शकतं. मुंबई १८ अंश ५६ मिनिटांवर, हर्णै १७ अंश ४९वर. फरक ६७ मिनिटं, म्हणजे साधारण ६७ सागरी मैल. जहाज तासाला १५ सागरी मैल जात असेल तर साडेचार तास. एक पूर्ण अंश कापायला नेमके चार तास लागतात, म्हणून हिशेब तोंडी होतो. सुरुवातीला बंदरातून सावकाश बाहेर पडण्याचा अर्धा तास धरावा. संध्याकाळी पाचला नांगर उचलला तर हर्णै रात्री दहाला. दाभोळ अकराच्या आत. जयगड बाराला. रत्नागिरी १७ अंशांवर, ती सव्वाच्या आसपास. विजयदुर्ग तीनला, मालवण पाचला, आणि वेंगुर्ला झुंजुमुंजू होताना. दक्षिणेकडे जाताना हे सगळं डाव्या हाताला. गोव्याकडे निघताना केबिन डावीकडची मागितली तर किनारा मिळतो, उजवीकडची मागितली तर मावळता सूर्य. लोक सूर्य मागतात. सूर्य वीस मिनिटांत बुडतो आणि किनारा रात्रभर चालतो.

हे काम चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांकडे द्यावं. त्या वयात आईबापांबरोबर नाचायची लाज वाटते आणि लहानांबरोबर बसायचा कमीपणा वाटतो. मात्र हातात वही दिली, आणि 'दर अर्ध्या तासाला अक्षांश लिहायचा, पुढचं बंदर कधी ते आजोबांना सांगायचं' असं काम दिलं, की तो मुलगा रात्री एक वाजता स्वतःहून उठून डेकवर जातो. फोनचं जीपीएस नेटवर्कशिवाय चालतं, नकाशा घरूनच उतरवून ठेवला म्हणजे झालं. फोन विमान मोडवर टाकायचाच. नाहीतर तो किनारा सुटल्यावर जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला चिकटतो आणि बिल डोळे पांढरे करतं. लोखंडी केबिनमध्ये जीपीएस लागत नाही, उघड्यावर यावं लागतं. तेही बरंच.

उघड्यावर आलं की बत्त्या, म्हणजे दीपगृहांचे दिवे, दिसतात. दिव्याचा झोत सरळ जातो आणि पृथ्वी गोल आहे, त्यामुळे तो किती लांबून दिसेल याचंही गणित सोपं आहे. उंचीच्या मीटरचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला ३.६ने गुणायचं, तितके किलोमीटर. आपला डोळा पाण्यापासून २५ मीटर उंच असेल तर आपलं क्षितिज १८ किलोमीटरवर. बत्ती ३६ मीटर उंच असेल तर तिचं सुमारे साडेएकवीसवर. दोन्हींची बेरीज जवळजवळ ४० किलोमीटर. हवा स्वच्छ असेल तर दिवा दिसायच्या आधी क्षितिजावर नुसता उजेड फुलतो आणि विझतो, कुणीतरी दूरच्या पडवीत कंदील घेऊन फिरावं तसा. प्रत्येक दीपगृहाचा ताल वेगळा ठरवलेला असतो. एका झोतापासून, किंवा झोतांच्या एका झुबक्यापासून, तोच पुन्हा सुरू होईपर्यंत किती सेकंद गेले ते मोजायचं. एकदा मोजून भागत नाही, दहा वेळा मोजून दहाने भागायचं. वहीत लिहायचं, शेजारी अक्षांश लिहायचा. घरी आल्यावर दीपगृहांच्या यादीशी ताडून बघायचं. निघताना सुरुवात करायला मुंबईचं १८७५मधलं प्राँग्जचं दीपगृह आणि १८६७मधलं खांदेरीचं आहेच.

फसगत होते ती मासेमारीच्या बोटींमुळे. त्यांचे दिवे न विझता सतत जळत असतात, पाण्याला टेकलेले दिसतात आणि लाटेबरोबर हलतात. बत्ती हलत नाही. चालत्या बोटीला डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा दिवा असतो, त्यामुळे लाल दिसला तर तिची डावी कूस आपल्याकडे आहे, दोन्ही दिसले तर ती तोंड करून आपल्याकडेच येते आहे. हा खेळ पाच वर्षांच्या मुलालाही कळतो आणि तो प्रत्येक दिव्याला ओरडून सांगत सुटतो. एकच अडचण म्हणजे डेकवरचे झगझगीत दिवे. डोळ्यांना अंधार सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एकदा फोनचा पडदा उजळला की पुन्हा पहिल्यापासून. लाइफबोटींच्या खालची अंधारी जागा शोधावी, वाऱ्याच्या आडोशाला, शाल घेऊन. हिवाळ्यात कधी कधी जहाजाने कापलेल्या पाण्यात निळसर ठिणग्या उठतात. ते नॉक्टिल्युका नावाचे सूक्ष्म जीव, पाणी घुसळलं की चमकणारे. त्यासाठी शक्य तितक्या खालच्या डेकवर यावं आणि कठड्यावरून, मुलांना घट्ट धरून, थेट खाली बघावं.

एक मात्र सलतं. आगबोट या बंदरांना थांबायची, हे जहाज नुसतं ओलांडून जातं. ज्या गावांतली माणसं मुंबईत राबली त्या गावांच्या समोरून अकरा मजली दिव्यांची रोषणाई रात्री सरकत जाते, आणि किनाऱ्यावरच्या पडवीतून ती दिसली तर एखाद्या सरकत्या ताऱ्यासारखी दिसत असेल. जहाजावरच्या माणसाला तर तेवढंही दिसत नाही, कारण तो आत असतो. विजयदुर्गसमोरून जाताना उजव्या हाताला, शंभरएक किलोमीटर आत समुद्रात, आंग्रिया बँक हे बुडालेलं प्रवाळाचं पठार आहे. कान्होजी आंग्र्यांचं नाव पाण्याखाली तिथवर पोचलेलं. डावीकडे किल्ला, उजवीकडे प्रवाळ, आणि मधून जहाज. त्या वेळी डीजे नुकताच थांबलेला असतो आणि मध्यरात्रीच्या जेवणाच्या उरलेल्या ताटल्या गोळा होत असतात. नाचणाऱ्यांनी नाचावं, सुट्टी त्यासाठीच असते. मात्र त्या कार्यक्रमाच्या कागदावर एक रकाना डाव्या हाताचा असता, किती वाजता कुठलं गाव, तर छपाईला चार ओळी जास्त लागल्या असत्या.

त्या रात्री दहाला डाव्या डेकवर खुर्ची रिकामी होती. मतलई वारा सुरू झाला होता आणि पूर्वेला, अगदी पाण्याच्या रेघेवर, उजेड फुलत होता, विझत होता. थिएटरमधून टाळ्यांचा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मुरगावला उतरायच्या रांगेत आजी पुढे होत्या, तोच पोपटी स्वेटर, हातात तीच पिशवी, आणि नातू त्यांचा दंड धरून विचारत होता, "आजी, काल मजा आली ना?" आजी म्हणाल्या, "आली तर. जादूगार चांगला होता हो." मग जरा थांबून म्हणाल्या, "परत पण बोटीनेच ना?"

परतीचं जहाज संध्याकाळी पाचला सुटलं, तर मुरगाव ते हर्णै १४४ सागरी मैल, साडेनऊ तास, वर बंदरातून बाहेर पडायचा अर्धा. पहाटे तीन. या खेपेला उजव्या हाताला.